परदेशातल्या मिशनरी ट्रेनिंग स्कूलचा पहिला आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूलचं ॲक्सेप्टन्स लेटर हातात आलं की आधी खूप आनंद होतो, आणि निघायची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. मी अशा स्कूलमध्ये आधी स्टुडंट होते, नंतर तिथेच स्मॉल ग्रुप लीडर म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाची जबाबदारी घेऊन, सेवा केली, त्यामुळे नवीन मुलंमुली आणि त्यांचे आईवडील मला तेच तेच प्रश्न विचारत असतात. म्हणून म्हटलं सगळं एकदाच लिहून ठेवावं. जास्त करून डीटीएस डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय पण बाकीच्या मिशन स्कूलनाही यातलं बरंचसं लागू पडतं. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, पहिल्या आठवड्यात कोणाला काहीही दाखवून द्यायची गरज नसते, जे वाटतंय ते खरं खरं एका तरी माणसाला सांगत राहिलात तरी खूप झालं.

डीटीएस म्हणजे नक्की काय? बायबल कॉलेजसारखंच ना?

नाही, बराच फरक आहे. डीटीएस म्हणजे डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल, ही वायवामची, म्हणजे यूथ विथ अ मिशन या संस्थेची स्कूल. वायवाम १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी सुरू केली. विशी-पंचविशीतली पोरं, थिऑलॉजीची मोठी डिग्री नसली तरी, सेवेला जाऊ शकतात असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्या काळात ते खूप लोकांच्या पचनी पडत नव्हतं. डीटीएस दोन भागात असते, साधारण १२ आठवडे लेक्चर फेज आणि मग ८ ते १२ आठवडे आउटरीच, म्हणजे टीम करून दुसरीकडे जाऊन प्रत्यक्ष सेवा. परीक्षा, मार्क्स, ग्रीक-हिब्रू असलं काही नाही. वायवामच्या युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्सचे पुढचे कोर्स करायचे असतील तर मात्र डीटीएस आधी पूर्ण करावीच लागते.

बायबल कॉलेज वेगळं. इंग्लंडमधलं ऑल नेशन्स ख्रिश्चन कॉलेज किंवा शिकागोचं मूडी बायबल इन्स्टिट्यूट घ्या, तिथे असाइनमेंट, लायब्ररी, डिग्री सगळं रीतसर चालतं. ऑपरेशन मोबिलायझेशन, ज्याला सगळे ओएम म्हणतात, त्यांचं ट्रेनिंग अजून वेगळं, त्यांच्याकडे तर जहाजावर राहून शिकायचीही सोय आहे. तुम्ही कशाला चाललाय ते नीट समजून जा. पहिल्या आठवड्यातली अर्धी निराशा येते ती भलत्या अपेक्षेमुळे, अभ्यास करायला आलेला मुलगा दोन तास भाजी चिरत बसला की त्याला वाटतं आपण फसलो.

इमिग्रेशनवाल्यांनी विचारलं कशाला आलात तर काय सांगायचं?

खरं सांगायचं, बस. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि काही ओळखीचे लोक सल्ला देतात की टुरिस्ट आहे म्हणून सांग, जास्त बोलू नको. कृपा करून असं करू नका. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायला निघालेल्या माणसाने पहिलंच वाक्य खोटं बोलावं हे मनाला पटत नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते महागात पडतं, एकदा का रेकॉर्डला चुकीची माहिती गेली की पुढचे व्हिसा अडकतात.

व्हिसा कुठला घ्यायचा हे स्कूलला लेखी विचारा आणि त्या देशाच्या एम्बसीच्या वेबसाइटवर स्वतः वाचून खात्री करा. एक उदाहरण देते, युरोपमधला शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसात जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. आता पाच-सहा महिन्यांची पूर्ण स्कूल त्यात कशी बसणार? त्यासाठी त्या त्या देशाचा लाँग स्टे व्हिसा, ज्याला डी टाइप म्हणतात, तो लागतो आणि त्याला वेळ लागतो. शेंगेन व्हिसाला कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्सही सक्तीचा आहे.

हँडबॅगेत प्रिंट काढून ठेवा: ॲक्सेप्टन्स लेटर, स्कूलचा पत्ता आणि फोन नंबर, इन्शुरन्स, परतीचं तिकीट असेल तर ते, आणि फी भरल्याची पावती. मोबाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका, लांबच्या प्रवासानंतर बॅटरी नेमकी तिथेच जाते.

पहिल्या दिवशी काय काय होतं?

फार काही नाही. कोणीतरी घ्यायला येतं, रूम दाखवतात, चादर-टॉवेल देतात, जेवण होतं, नावाचा बिल्ला मिळतो आणि खूप सारी नावं कानावर पडतात त्यातली दोन लक्षात राहतात. दुसऱ्या दिवशी ओरिएंटेशन, त्यात नियम, फायर अलार्म, वाय-फाय, कपडे धुवायचं मशीन कधी मिळेल वगैरे. घरी पोचल्याचा मेसेज पहिल्या तासात टाका, तिकडे कोणाचा तरी जीव टांगणीला लागलेला असतो.

दोन दिवस झाले, मला वर्शिपमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या उपासनेत, पण झोप येते. माझ्यातच काही कमी आहे का?

कमी काही नाही, जेट लॅग आहे. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने एका टाइम झोनला एक दिवस या हिशोबाने सरकतं, त्यामुळे सहा-सात तासांचा फरक असेल तर अख्खा पहिला आठवडा डोकं बधिर राहणार हे गृहीतच धरा. दिवसा उजेडात थोडं चाला, दुपारी झोपलात तर अर्ध्या तासाच्या वर नको, पाणी भरपूर प्या.

आणि एक सांगू का, बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढून वाचा, १ राजे १९. माणूस इतका थकलेला की मरण मागतोय. त्याला देवदूताने काही उपदेश केला नाही. उठून खा म्हणाला, पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, मग पुन्हा उठवून खायला घातलं. देवाची हलकी, शांत वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी झोप आणि जेवण झालं. आपण मात्र पहिल्याच सकाळी चार वाजता उठून दोन तास प्रार्थना करायचा संकल्प सोडतो आणि बुधवारपर्यंत आजारी पडतो.

रोजचं टाइमटेबल कसं असतं?

जागेप्रमाणे बदलतं पण साचा हा असा: सकाळी क्वाइट टाइम, म्हणजे एकट्याने बायबल आणि प्रार्थना, मग नाश्ता, मग वर्शिप किंवा मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना, मग जेवणापर्यंत लेक्चर. दुपारी वर्क ड्युटी, थोडा मोकळा वेळ, संध्याकाळी कधी स्मॉल ग्रुप, कधी सगळ्या कॅम्पसची मीटिंग, कधी बाहेर जाऊन सेवा. आठवड्यातून एकदा तुमच्या लीडरबरोबर एकास एक बसून बोलणं असतं, ते चुकवू नका. लेक्चर देणारे स्पीकर बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला बदलतात आणि प्रत्येक आठवड्याचा विषय एकच असतो. पहिल्या आठवड्यात बहुधा देवाचं स्वरूप किंवा देवाची वाणी ऐकणं यातलं काहीतरी असतं.

डोक्यात मावणार नाही इतकं येतं. सगळं लिहून घ्यायच्या मागे लागू नका. रोज रात्री जर्नलमध्ये चार ओळी लिहा, आज काय टोचलं, काय आवडलं, काय कळलंच नाही. ते "कळलंच नाही" वालं सगळ्यात उपयोगी पडतं, कारण एकास एकच्या वेळी बोलायला काहीतरी हातात असतं.

मी मिशनरी व्हायला आलोय, आणि मला भांडी घासायला लावलीत. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. वर्क ड्युटी म्हणजे रोज साधारण दोन तास कॅम्पससाठी काम, किचन, बाथरूम, बाग, ऑफिस, जे वाट्याला येईल ते. याचं एक कारण सरळ आहे, वायवामसारख्या ठिकाणी स्टाफला पगार नसतो, सगळे आपापल्या सपोर्टवर, म्हणजे चर्च आणि ओळखीच्यांनी दिलेल्या देणग्यांवर, राहतात, मग एवढ्या माणसांचं घर चालवणार कोण? सगळ्यांनी मिळूनच.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जेवणानंतरची डिश ड्युटी बघा. एकजण ताटातलं उरलेलं खरवडून बादलीत टाकतो, दुसरा वरून लोंबणाऱ्या पाइपने फवारा मारतो, तिसरा ताटं रॅकमध्ये उभी करून मशीनमध्ये ढकलतो, मशीनचं दार वर केलं की वाफेचा लोट तोंडावर येतो, चष्मा पांढरा होतो, आणि पलीकडे उभी असलेली मुलगी चटके बसणारी ताटं फडक्याने पटापट पुसून चळत लावते. चार माणसं, चार देश, एकमेकांचं इंग्लिश धड कळत नाही, पण तिसऱ्या दिवशी न बोलता हात जुळतात. क्लासमध्ये आठवडाभर शेजारी बसून जेवढी ओळख होत नाही तेवढी तिथे होते. आणि कोणाला किती लवकर राग येतो, कोण हळूच कामातून सटकतं, कोण दुसऱ्याचा रॅक उचलतं, हेही तिथेच दिसतं, स्वतःचंसुद्धा.

१७३२ साली जर्मनीतल्या हर्नहूट गावातून मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर दोन मिशनरी पाठवले, लिओनार्ड डोबर आणि डेव्हिड निचमान. एक कुंभार होता, दुसरा सुतार. हाताने काम करून पोट भरायचं आणि तिथल्या गुलाम लोकांना सुवार्ता सांगायची असं ठरवून ते निघाले होते. याच मंडळीत १७२७ मध्ये अहोरात्र प्रार्थनेची साखळी सुरू झाली, ती शंभर वर्षांहून जास्त चालली. म्हणजे प्रार्थना आणि हाताचं काम या दोन गोष्टी मिशनच्या कामात आधीपासून एकाच घरात नांदतायत.

माझं इंग्लिश कच्चं आहे. लोक हसतील का?

हसत नाहीत. क्लासमध्ये निम्म्याहून जास्त लोकांची इंग्लिश ही दुसरी किंवा तिसरी भाषा असू शकते. खरी अडचण वेगळी आहे, दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं कारण दिवसभर दुसऱ्या भाषेत ऐकणं म्हणजे मेहनत असते. ज्यांचं इंग्लिश मातृभाषेसारखं आहे ते भराभर बोलतात, विनोद करतात, आणि आपण एक वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, तेव्हा एकदम परकं वाटतं, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. लीडरला पहिल्याच दिवशी सांगा की हळू बोला, आणि स्पीकरच्या नोट्स आधी मिळतील का विचारा. बऱ्याच ठिकाणी शेजारी बसून भाषांतर करणारा माणूसही देतात.

प्रार्थना आपल्या भाषेत करा, मोठ्याने, ग्रुपमध्ये सुद्धा. दुसऱ्यांना नाही कळली तर नाही कळली. मोडक्या इंग्लिशमध्ये दोन वाक्यं चाचपडत म्हणण्यापेक्षा मनापासून केलेली प्रार्थना बाकीच्यांनाही धीर देते, आणि तुमचं बघून उद्या दुसरा कोणीतरी त्याच्या भाषेत तोंड उघडतो.

इथली वर्शिप आमच्या चर्चपेक्षा खूपच वेगळी आहे, कोणी नाचतं, कोणी रडतं, कोणी अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेली मानतात त्या न कळणाऱ्या भाषेत, बोलतं. मला अवघडल्यासारखं होतं.

होणारच. अशा स्कूल कुठल्या एका पंथाच्या नसतात, कॅथलिक घरातून आलेला मुलगा, पेंटेकॉस्टल, बॅप्टिस्ट, आणि वर्षभरापूर्वीच विश्वासात आलेला, सगळे एका खोलीत. तुम्हाला शांत उभं राहायचं असेल तर शांत उभे राहा, बसा, बायबल उघडून स्तोत्र वाचा. हात वर केले नाहीत म्हणून भक्ती कमी होत नाही. तसंच शेजारचा उड्या मारतोय म्हणून तो दिखावा करतोय असंही लगेच ठरवू नका. ज्या शिकवणीबद्दल शंका आहे ती क्लासमध्ये सरळ विचारा, चांगले स्पीकर प्रश्नांना वैतागत नाहीत.

सगळ्यांना देवाची वाणी ऐकू येते, मला काहीच येत नाही. काय करू?

हा प्रश्न मुलं कुजबुजत विचारतात, बहुतेक गुरुवार-शुक्रवारच्या आसपास, आणि विचारताना डोळे भरलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काय घडतं ते सांगते. मध्यस्थीच्या प्रार्थनेला खुर्च्या गोलात मांडतात, लीडर एखाद्या देशासाठी किंवा एखाद्या कुटुंबासाठी विषय देतो आणि म्हणतो आता पाच मिनिटं शांत राहून देवाला विचारूया कशी प्रार्थना करायची. मग ती शांतता. पंख्याचा आवाज, कोणाच्या तरी खुर्चीची करकर, कोणीतरी बायबलची पानं चाळतंय. पाच मिनिटांनी एकजण म्हणतो मला अमुक वचन आठवलं, दुसरी म्हणते मला एक नदी दिसली, तिसऱ्याच्या मनात एखादं नाव आलं. आणि तुमच्या मनात आलेलं असतं की मशीनमध्ये कपडे तसेच राहिलेत.

तर पहिली गोष्ट, लोक "देव बोलला" म्हणतात तेव्हा त्यातल्या फार कमी जणांनी कानाने काही ऐकलेलं असतं. एखादं वचन लख्ख आठवणं, कोणाबद्दल अचानक भरून येणं, एखादा विचार सारखा परत येणं, यालाच ते ऐकणं म्हणतायत. त्या भाषेची सवय नसली की वाटतं यांना फोन लागतो आणि आपला लागत नाही. दुसरी, शमुवेलाची गोष्ट बघा, १ शमुवेल ३. देव प्रत्यक्ष हाक मारत होता तरी पोराला वाटलं म्हातारा याजक एली बोलावतोय, तो तीनदा उठून त्याच्याकडे धावला. ओळखायला शिकावं लागलं, आणि तेही मोठ्या माणसाच्या मदतीने.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काही ऐकू आलं नाही तर "मला काही आलं नाही" असं म्हणा. शांतपणे म्हणा. ग्रुपच्या दबावाखाली काहीतरी जुळवून सांगायची सवय एकदा लागली की मग स्वतःलाच कळेनासं होतं की खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं. मी लीडर असताना ज्या मुलांनी पहिल्या आठवड्यात "काही नाही" म्हणायचं धाडस केलं त्यांच्यावर मी पुढे जास्त भरवसा ठेवला.

कोणी म्हणालं "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" तर?

ऐकून घ्या, आभार माना, लिहून ठेवा, आणि पारखा. प्रेषित पौलाने स्पष्ट लिहिलंय की देवाकडून म्हणून आलेल्या संदेशांना तुच्छ मानू नका पण सगळ्याची पारख करा, १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये आहे बघा. शास्त्राशी जुळतं का, तुम्हाला चांगलं ओळखणारी परिपक्व माणसं काय म्हणतात, आणि सांगणाऱ्याचा त्यात काही फायदा आहे का. कोणाशी लग्न कर, अमुक इतके पैसे दे, घरच्यांशी संबंध तोड, औषधं बंद कर, असल्या गोष्टी देवाच्या नावाने कोणीही सांगितल्या तरी त्यावर काहीही करू नका आणि त्याच दिवशी लीडरच्या कानावर घाला. डॉक्टरांनी चालू केलेली गोळी प्रार्थना झाली म्हणून थांबवायची नाही, डॉक्टरांना विचारूनच.

साक्ष सांगायला लावतात म्हणे. किती सांगायचं?

बऱ्याच स्कूलमध्ये पहिल्या एक-दोन आठवड्यात प्रत्येकजण आपली जीवनकथा ग्रुपला सांगतो. यातून ग्रुप खरंच जवळ येतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय, सोमवारी एकमेकांची नावं चुकवणारी मुलं शनिवारी एकमेकांसाठी रडत प्रार्थना करतात. पण तुमची गोष्ट तुमची आहे. काय सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं हे तुम्ही ठरवायचं. दुसऱ्याने खूप खोल काहीतरी सांगितलं म्हणून आपणही तेवढंच उघडं करायला हवं असं काही नसतं.

अत्याचार, आत्महत्येचे विचार, व्यसन असं काही मागे असेल तर आख्ख्या ग्रुपसमोर पहिल्यांदा बोलू नका. आधी एका विश्वासू लीडरशी, शक्यतो आपल्याच लिंगाच्या, बोला, आणि स्कूलकडे प्रशिक्षित काउन्सेलर आहे का विचारा. स्मॉल ग्रुप लीडर प्रेमळ असतात पण ते काही सायकॉलॉजिस्ट नसतात, मीही नव्हते. आणि दुसऱ्याची गोष्ट ऐकलीत तर ती त्या खोलीतच ठेवायची, "प्रार्थनेसाठी" म्हणून सुद्धा बाहेर सांगायची नाही.

रूममेटबरोबर जमत नाहीये.

एका खोलीत चार ते आठ जण, बंक बेड, एक बाथरूम, कोणी रात्री बारापर्यंत लाइट लावतं, कोणी पहाटे अलार्म पाचदा वाजवतं. बुधवारच्या आत सगळ्यांनी दहा मिनिटं बसून लाइट, अलार्म, फोनवर बोलणं, साफसफाई एवढ्या चार गोष्टी ठरवून टाका. मनात साठवून ठेवलं की तिसऱ्या आठवड्यात भडका उडतो. इअरप्लग घेऊन जा.

घरची खूप आठवण येते. रोज फोन करू का?

पहिला आठवडा सगळ्यात वाईट जातो असं काही नाही हं, बऱ्याच जणांना पहिला आठवडा नवलाईत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्यात जीव कासावीस होतो, तेव्हा घाबरू नका. फोनचं म्हणाल तर घरच्यांशी आधीच ठरवा, आठवड्यातून दोनदा नीट बोलू, बाकी छोटे मेसेज. रोज तासभर व्हिडिओ कॉलवर राहिलात तर जेवणाच्या टेबलावर, जिथे मैत्री होते, तिथे तुम्ही नसता.

माझी मुलगी तिकडे गेलीये, नीट बोलतच नाही, दोन शब्दात उत्तरं देते. काळजी करू का?

आईबाबांनो, बहुतेक वेळा ती नुसती थकलेली असते आणि चारी बाजूंनी माणसांनी वेढलेली असते, बोलायला एकांतच नसतो. "सगळं ठीक ना" विचारलंत की "हो" एवढंच येणार. त्याऐवजी आज कुठली ड्युटी होती, शेजारच्या बेडवर कोण आहे असं विचारा, मग बोलायला लागते. स्कूलचा ऑफिस नंबर मात्र तुमच्याकडे असलाच पाहिजे. आणि जर ती म्हणाली की फोन काढून घेतलाय, पासपोर्ट परत देत नाहीत, एकटीने बाहेर जाऊ देत नाहीत, घरी बोलायला मनाई आहे, तर ते शिस्त म्हणून सोडून देऊ नका. रजिस्ट्रेशनसाठी पासपोर्ट बघून, कॉपी काढून परत देणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं.

नियम खूप कडक असतात का?

दारू, सिगरेट नाही, रात्री ठरलेल्या वेळेत आत, मुलांनी मुलींच्या रूममध्ये जायचं नाही आणि उलटही, आणि बऱ्याच स्कूलमध्ये कोर्स चालू असताना नवीन प्रेमसंबंध सुरू करायचे नाहीत. यावर सही करूनच तुम्ही येता. नियमामागचं कारण विचारायला मात्र काहीच हरकत नाही.

फी पूर्ण जमली नाहीये, बाकीच्यांकडे पैसे दिसतात. लाज वाटते.

पैशाचा विषय पहिल्याच आठवड्यात निघतो कारण लेक्चर फेजची फी लगेच आणि आउटरीचची नंतर वेगळी भरायची असते. श्रीमंत देशातून आलेला मुलगा सुट्टीच्या दिवशी सहज बाहेर जेवून येतो आणि तुम्ही कॅम्पसवरच थांबता, हे टोचतं, खोटं कशाला बोलायचं. ऑफिसला खरी परिस्थिती सांगा, हप्ते मिळतात का विचारा, काही ठिकाणी देशानुसार फी कमी असते, स्कॉलरशिपही असते. लपवून ठेवलंत तर शेवटच्या आठवड्यात गळ्याशी येतं.

तुम्हाला जॉर्ज म्युलर आणि हडसन टेलर यांच्या गोष्टी सांगितल्या जातील. म्युलर यांनी ब्रिस्टॉलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळलं आणि माणसांकडे पैसे मागितले नाहीत, प्रार्थनाच केली. टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढली तीही याच तत्त्वावर. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांनी मला खूप बळ दिलंय. पण पौलाने तंबू शिवून पैसे कमावले हेही बायबलमध्येच आहे, आणि फिलिप्पै शहरातल्या मंडळीच्या मदतीबद्दल त्याने पत्रात आभार मानले हेही. म्हणजे मार्ग बरेच आहेत. तुमच्या चर्चला प्रेयर लेटर, म्हणजे खबर आणि प्रार्थनेचे विषय सांगणारं पत्र, लिहा, महिन्याला एक पान, फोटो एक-दोन, गरज सरळ शब्दात. क्लासमध्ये एखाद्यासाठी दान गोळा होतं तेव्हा भरात येऊन परतीच्या तिकिटाचे पैसे देऊन टाकू नका, रात्रभर थांबा, सकाळीही द्यावंसं वाटलं तर लीडरशी बोलून द्या.

मिशनचा इतिहास शिकवतात का? त्यात वसाहतवालेही होते ना?

होते, आणि हे विचारलंच पाहिजे. पहिल्या आठवड्यात भिंतीवर मोठा नकाशा असतो, अनरीच्ड पीपल ग्रुप, म्हणजे सुवार्ता न पोचलेले लोकसमूह, हा शब्द येतो. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात सुवार्ताप्रसारावर जागतिक परिषद झाली, तिथे राल्फ विंटर या मिशन अभ्यासकांनी हा मुद्दा मांडला की देश मोजू नका, लोकसमूह मोजा, कारण एका देशात चर्च असलं तरी तिथल्याच कितीतरी भाषा-समाजांपर्यंत कोणी गेलेलंच नसतं. अशा समूहांची माहिती गोळा करणाऱ्या जोशुआ प्रोजेक्टच्या व्याख्येत इव्हँजेलिकल विश्वासी २ टक्के किंवा त्याहून कमी असणं ही अनरीच्डची एक अट आहे. हे सगळं ऐकून अंगावर काटा येतो, यायलाच हवा.

पण त्या नकाशावरचे ठिपके म्हणजे माणसं आहेत, ज्यांची भाषा, दुःखं, अभिमान आहे. काही मिशनऱ्यांनी लिपी तयार केल्या, शाळा-दवाखाने काढले, गुलामगिरीविरुद्ध उभे राहिले, आणि काहींनी सत्तेच्या सावलीत राहून लोकांना कमी लेखलं. तुमचा स्पीकर फक्त पहिली बाजू सांगत असेल तर हात वर करून दुसरी विचारा. आणि आमिष दाखवून किंवा भीती घालून कोणालाही विश्वासात आणता येत नाही, आणायचंही नाही, हे स्वतःशी पहिल्या आठवड्यातच पक्कं करा.

मला हे जमणार नाही असं वाटतंय. परत येऊ का?

धोका असेल, म्हणजे कोणी अंगाला हात लावतंय, धमकावतंय, आजारपणात दवाखान्यात नेत नाहीये, तर थांबू नका. तुमच्या देशाची एम्बसी, घरचे, तुमचे पास्टर, स्थानिक पोलीस, कोणालाही फोन करा. लीडरचा आदर म्हणजे त्याचं सगळं मुकाट ऐकणं असं बायबल कुठे सांगत नाही.

धोका नसेल, नुसतं मन उडालं असेल, तर पहिल्या आठवड्यात ठरवू नका. झोप पूर्ण झालेली नाही, भाषा कानाला बसलेली नाही, एकही जवळचा मित्र नाही, अशा अवस्थेत घेतलेला निर्णय थकव्याचाच असतो. लीडरला सांगा की मला जावंसं वाटतंय, अगदी याच शब्दात सांगा, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी परत बोलायचं ठरवा. तेव्हाही तेच वाटलं तर या परत. बायबलमधला मार्क म्हटलेला योहान सेवेच्या प्रवासात पौलाला सोडून अर्ध्यातून परतला होता, आणि नंतर त्याच पौलाने लिहिलं की त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे.

आउटरीच कुठे जाणार हे कधी कळतं? आत्तापासून काय तयारी करू?

स्कूलप्रमाणे वेगवेगळं, बरेचदा काही आठवड्यांनी सगळे मिळून प्रार्थना करून ठरवतात, कधी आधीच ठरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: पासपोर्ट आउटरीच संपल्यानंतरही सहा महिने वैध राहतो का बघा, रिकामी पानं मोजा, आणि आतापर्यंत घेतलेल्या लशींचा कागद घरून मागवून ठेवा. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत यलो फीव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट मागतात, ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर वैध धरतात, त्यामुळे एकदा घेतली असेल तर कागद शोधा.

आणि सोशल मीडियाबद्दल आत्ताच सांगते. तुमच्या क्लासमध्ये असे विद्यार्थी असू शकतात ज्यांच्या देशात त्यांचा विश्वास उघड झाला तर घरच्यांना त्रास होईल, नोकरी जाईल, याहूनही वाईट होईल. ग्रुप फोटो टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा, कोणी नको म्हटलं तर कारण विचारू नका, आणि टॅग तर अजिबात करू नका. संवेदनशील देशात जाणाऱ्या टीमचं नाव, तारीख, शहर काहीही पोस्ट करायचं नाही, प्रेयर लेटरमध्ये सुद्धा लीडर सांगतील तेवढंच लिहायचं, आणि ते लेटर पुढे फॉरवर्ड करू नका असं घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.